शेजारणीचं निवेदन

११ जानेवारी १९८२, सोमवार

आज पासपोर्टाचे दोन अर्ज पोस्टात पडले. एक माझा आणि एक शेजारच्या सुभद्राचा. दोन्ही माझ्याच अक्षरात, कारण सुभद्रा टेंभुर्णे वकील झाली तरी तिचं अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखंच राहिलं. तसं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, म्हणून तर तुमच्याकडे आले, काकू.

मला एप्रिलमध्ये लंडनला जायचं आहे. चारुशीलाचं पहिलं बाळंतपण. तिथे तिला ना सासू ना नणंद, आणि जावई दिवसभर कारखान्यात. डॉक्टरांनी रक्तदाब चढला म्हणून पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलंय. पोरगी एकेका पत्रात तीनतीनदा लिहिते, आई तू येशीलच ना. मुंबईहून ५ एप्रिलच्या विमानाचं तिकीट जावयाने काढूनही ठेवलं.

सुभद्राला जिनिव्हाला जायचं आहे. एप्रिलच्या मध्यावर तिथे परिषद आहे. पोलिसांच्या ताब्यात असताना जी माणसं मेली त्यांच्याबद्दल देशोदेशीचे लोक तिथे सांगणार. सुभद्राच्या फायलीत अशी चौदा नावं आहेत. पहिलं नाव धोंडबाचं. तो कोराडीला कोळशाच्या ट्रकवर हमाली करायचा. त्याची बायको तुळसाबाई दर रविवारी बसने इकडे सक्करदऱ्याला येते आणि सुभद्राच्या ओट्यावर नुसती बसून राहते. मी तिला कधीमधी चहा देते.

ह्यांना हे सगळं पसंत नाही. पेन्शनला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला काहीच पसंत नसतं. मी लक्ष देत नाही.

१९ जानेवारी

शाळेतून आले तर दारात निळ्या स्वेटरातला एक माणूस उभा. मला पाहून वाकून पायाच पडला. "बाई, मले ओळखलं नाही काय? देवराव काळबांडे. चौथी ब."

ओळखला. मिशा आल्या, पोट सुटलं, पण डोळे तेच. शुद्धलेखनात याची एक चूक निघत नसे. मी बोलायची तसं जसंच्या तसं उतरवून घ्यायचा, मी शिंकले तर तेवढंच गाळायचा. आता पोलीस खात्यात आहे, साध्या कपड्यांतला. पासपोर्टाची चौकशी त्याच्याकडे आली आहे.

पोहे केले, वर घालायला तर्री नव्हती म्हणून जीव हळहळला. तरी दोन बशा खाल्ल्या त्याने. माझ्याबद्दल दोन मिनिटं विचारलं आणि सुभद्राबद्दल पाऊण तास. मग म्हणाला, शेजाऱ्याचं एक निवेदन लागतं, तोंडी सांगाल तर आमचा लेखनिक बिघडवून ठेवतो, तुमच्यासारखं लिहिणारं या वस्तीत दुसरं कोण आहे, तुम्हीच लिहून द्या. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. तीस वर्षं मी प्रगतिपुस्तकांत शेरे लिहिते आहे. माझ्या शेऱ्यावरून आईबाप भांडायला आले असतील, पण शेरा पुसा म्हणायची हिंमत कोणाची झाली नाही.

माझ्याकडे यायच्या आधी तो सुभद्राच्या आईकडे, भीमाबाईंकडे गेला होता. त्यांनी काय सांगावं? "मले काही माहीत नाही गा. पोरगी सकाळी जाते, संध्याकाळी येते." मला इतकं वाईट वाटलं. पोटची पोर एवढी कर्तबगार आणि आईला तिच्याबद्दल दोन शब्द धड सांगता येऊ नयेत. म्हातारी बिचारी शिकलेली नाही, तिचा तरी काय दोष. ती उणीव आता मलाच भरून काढली पाहिजे.

२४ जानेवारी, रविवार

निवेदन झालं. फुलस्केपची दोन पानं, एकही खाडाखोड नाही. काही वाक्यं इथे उतरवून ठेवते, कारण मलाच आवडली.

"कु. सुभद्रा ही अत्यंत निर्भय आहे. अन्याय दिसला की ती गप्प बसत नाही, मग समोर कोणीही असो. तिच्या एका शब्दाखातर शंभर माणसे गोळा होतात. तिला परदेशातून पत्रे येतात, यावरून तिची कीर्ती कोठवर पोहोचली आहे हे दिसून येईल. ती जिनिव्हाला गेली तर तेथे सर्व काही खरे खरे सांगेल, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही."

ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, अर्ध्यात भागलं असतं. मी म्हटलं, तुम्ही आयुष्यभर कचेरीत टिपणं लिहिलीत, तुम्हाला माणसाबद्दल लिहिता यायचं नाही. मग ते पेपर वाचत बसले.

देवराव संध्याकाळी येऊन पानं घेऊन गेला. उभ्यानेच सगळं वाचलं. "बाई, याच्यात आता काही जोडाची गरजच नाही," म्हणाला.

९ फेब्रुवारी

माझा पासपोर्ट आला! गडद निळा, कोरा करकरीत. फोटोत मी रागावल्यासारखी दिसते, पण असू दे. देवापुढे ठेवला आणि चारूला पत्र टाकलं. जीव भांड्यात पडला.

सुभद्राचा अजून नाही. तिचा नंतरचा नंबर असेल.

१३ फेब्रुवारी

सुभद्राला पासपोर्ट नाकारला. पत्रात एकच ओळ आहे. अर्जदारास पासपोर्ट देणे सार्वजनिक हिताचे नाही. तीन वेळा वाचली मी. एक पोर जिनिव्हाला जाऊन आठ-दहा दिवसांनी परत येणार, त्यात कोणाचं अहित होतं?

सुभद्रा शांत होती. काकू, पोलिसांचा रिपोर्ट वाईट गेला असेल, कोणीतरी काहीतरी सांगितलं असेल, म्हणाली. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात चंपतराव आहेत. आमच्या माडीवरचे भाडेकरू. एकटा माणूस, जिन्यात थांबून थांबून जातो, कोण आलं कोण गेलं सगळं बघतो. मागच्याच आठवड्यात मला विचारत होता, ती कोराडीची बाई आताशी येत नाही काय. त्याला काय करायचंय? उद्यापासून त्याचं ताक बंद.

२१ फेब्रुवारी

तीन दिवसांपासून समोरच्या पानठेल्यावर एक माणूस असतो. पान खात नाही. सायकल भिंतीला लावून आमच्या दोन दारांकडे बघत असतो. मी कपडे वाळत घालायला गेले की तोंड फिरवतो. काल मी मुद्दाम दोनदा गेले, त्याने दोन्हीदा फिरवलं.

सुभद्राने फायलीच्या नकला जिनिव्हाला पोस्टाने पाठवायला घेतल्या होत्या. दोन पाकिटं गेल्या महिन्यात, एक या महिन्यात. तिथून तार आली, काही मिळालं नाही. आता ती म्हणते, माझ्या पत्त्यावरून निघालेलं काहीच पोचणार नाही. वरच्या कोर्टात अर्ज टाकते आहे. नाकारलं तर कारण सांगा म्हणून.

तुळसाबाईला कोराडीहून हलवलं. तिच्या झोपडीवर दोन वेळा शिपाई जाऊन आले. ती आता कुठे आहे ते मला माहीत आहे आणि ते मी इथे लिहिणार नाही. हे वाक्य लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं की ही वही कोणी उघडली तर? तीस वर्षांत असा विचार मनात आला नव्हता.

३ मार्च

चारूचं पत्र आलं. पाकिटाच्या तोंडाशी डिंकाचा जाड, ओला थर. चारू कधी डिंक लावत नाही, ती जिभेने चिकटवते, लहानपणापासून मी ओरडत आले आहे. आतल्या घड्या उलट्या होत्या.

तिने काय लिहिलंय तर पायाला सूज आहे आणि मेतकूट आण. हे वाचून कोणाला काय मिळालं असेल? ह्यांना पाकीट दाखवलं. ते उठले आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली.

१२ मार्च, शुक्रवार

आजचं कसं लिहू.

सुभद्रा कोर्टातून थेट माझ्या स्वयंपाकघरात आली. हातात सरकारने दिलेल्या उत्तराचा गठ्ठा. पाट ओढून बसली, पाणी प्यायली आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. फोटो काढून केलेली नक्कल होती. चष्मा लावायच्या आधीच मी अक्षर ओळखलं. आपलं अक्षर कोणाला ओळखू येत नाही? माझंच निवेदन, आणि पाच वाक्यांखाली रेघा. वर्गात मी चुकांखाली मारते तशा.

मग तिने सरकारचं उत्तर वाचून दाखवलं. अर्जदार कोणालाही जुमानत नाही. तिच्या एका शब्दावर शंभर माणसांचा जमाव जमतो. तिचे परदेशी व्यक्तींशी संधान आहे. परदेशात जाऊन ती येथील गोष्टी उघड करील, याविषयी शेजाऱ्यांनाही तिळमात्र शंका नाही.

तिळमात्र. माझा शब्द.

मी म्हटलं, सुभद्रा, मी तर... ती म्हणाली, "काकू, तुम्ही खोटं काहीच लिहिलं नाही. तेच तर त्यांना पाहिजे होतं." रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर मला सोसलं असतं. मी महिनाभर चंपतरावांना तोंड वाकडं करत होते आणि घर माझं होतं, पोहे माझे होते.

तिला माझ्याकडून एक प्रतिज्ञापत्र हवं आहे. निवेदन मी कौतुकाने दिलं होतं, त्याचा विपर्यास केला गेला आहे, एवढंच. सुनावणी २२ तारखेला. मी म्हटलं, ह्यांना विचारते. तीस वर्षं ह्यांना न विचारता सगळं केलं आणि आज नेमकं ह्यांना विचारायचं सुचलं. तिने मान हलवली आणि कागद गोळा करून गेली.

१५ मार्च

देवराव आला. आज पायाही पडला नाही आणि पाणीही घेतलं नाही. दारातल्या खुर्चीवर बसला. मी सगळं बोलायचं ठरवलं होतं, खडसावणार होते, चौथी बच्या पोराला. एवढंच विचारता आलं, की देवराव, तू असं का केलंस.

"मी काय केलं, बाई? तुम्ही लिहिलं ते मी वरतं दिलं. एक शब्द बदलला नाही. बदलला तो वरच्यांनी."

मग म्हणाला, तुमच्या पासपोर्टाची फेरचौकशी लागली आहे. असं होतं कधीकधी, दिलेला पासपोर्टही परत मागवता येतो. विमानतळावरूनही परत पाठवलेत लोक. चारूताईंची तारीख एप्रिलचीच ना? मी त्याला चारूची तारीख कधी सांगितलीच नव्हती.

"तुमच्याबद्दल शेजाऱ्याले विचारा लागंन. तसा नियमच आहे. बाजूचं घर त टेंभुर्ण्यांचं आहे, त्यायलेच विचारतो." जाताना परत वळला. "सोमवारी कोर्टात गर्दी असते, बाई. तुमची तब्येत काही बरी दिसत नाही."

तो गेल्यावर मी अर्धा तास तिथेच बसले. शिक्षकाला आपल्या वर्गातल्या मुलाचा आवाज कळतो. तो मला धमकी देत होता आणि ती देताना त्याला लाजही वाटत होती. लाज वाटून त्याने काही कमी केलं नाही.

१८ मार्च

झोप नाही. छातीत धडधडतं. जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं खाली ठेवते. काल शाळेत शिपायाने दार ठोठावलं तर खडू पडला. मुलं हसली.

ह्यांचं म्हणणं सरळ आहे. सुभद्रा काय, पुढच्या वर्षी जाईल. चारूचं बाळंतपण पुढच्या वर्षी होणार नाही. याला मला उत्तर सापडत नाही आणि सापडत नाही याचं बरंही वाटतं, त्याची लाज वाटते.

२० मार्च

आज देवराव भीमाबाईंच्या ओट्यावर तासभर बसला होता. मी खिडकीच्या फटीतून बघत होते, चोरासारखी. म्हातारी सुपातले तांदूळ निवडत बोलत होती. एकदा तिने आमच्या दाराकडे हात केला. तिच्या लेकीचं मी वाटोळं केलं. आता तिच्या हातात माझी लेक आहे. तिने दोन शब्द वाकडे सांगितले की चारू तिकडे एकटी. मी तिच्या जागी असते तर काय सांगितलं असतं? सांगितलंच असतं. मी तशीच आहे.

२२ मार्च, सोमवार

गेले नाही.

सकाळी सुभद्रा काळा कोट घालून दारात आली. मी म्हटलं, छातीत दुखतंय, धंतोलीला डॉक्टरांकडे जाते आहे. ती म्हणाली, जपून जा काकू, रिक्षा बघून देऊ का. आणि तिने रिक्षा बघून दिली.

डॉक्टरांकडे पुढे सोळा पेशंट होते. चंद्रपूरची, गोंदियाची, पोटऱ्यांना पट्ट्या बांधलेली, खरोखरच आजारी माणसं. मी त्यांच्यात बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. अकरा वाजले. साडेअकरा. आता पुकारा झाला असेल. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले तुम्हाला काही झालेलं नाही, कशाची काळजी करताय?

कोर्टाने २६ एप्रिलची तारीख दिली. परिषद १२ ला सुरू होऊन १९ ला संपते. म्हणजे झालं. मी भित्री आहे. वहीत तरी खरं लिहावं.

२३ मार्च

दुपारी भीमाबाई आल्या. आजवर मी त्यांच्याकडे चहा प्यायला जायची, आणि जाते याचं मनातून मला कौतुक होतं. त्या कधी आमच्याकडे बसल्या नव्हत्या. आज आल्या आणि जमिनीवर टेकल्या. मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग पदराने सुपारी पुसत म्हणाल्या, काहून रडून राहिल्या, तुमचं काम झालं. फेरचौकशी मिटली.

काय सांगितलंत तुम्ही त्याला, मी विचारलं.

"सांगतलं, ते बाई शाळेत जाते अन घरी येते. लय भेकड आहे. कुत्रं भुकलं त दार लावते. कोनाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. लंडनले जाऊन काय करन, पोरीचे दुपटे धुवन."

खरं सांगते, इतकं सगळं होऊनही माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भेकड! मी! मग कालचं धंतोली आठवलं आणि मान खाली गेली. भीमाबाईंना ते दिसलं असावं.

"बाई, तुम्ही शिकेल आहा, पन पोलिसापुढं कसं बोलाव हे तुमाले कोनी शिकवलं नाही. तुमाले कामच पडलं नाही. त्यायच्यापुढं मानसाले चांगलं म्हनू नये. चांगल्या मानसाचं नाव ते ध्यानात ठेवतेत. माह्या घरवाल्याले एका मास्तरानं पुढारी म्हनलं होतं, चांगल्यासाठीच म्हनलं होतं. सा महिने आत गेला."

जानेवारीत त्या देवरावला म्हणाल्या होत्या, मले काही माहीत नाही गा. आणि मला वाटलं होतं बिचारीला बोलता येत नाही. मी तीस वर्षं लोकांच्या पोरांना शहाणं करते आहे.

२५ मार्च

आधी चंपतरावांकडे ताकाचं भांडं घेऊन गेले. क्षमा मागणार होते, पण त्यांनी विचारलं, "यमुताई, ती कोराडीची बाई बरी आहे ना? तिला डोळ्याचं औषध आणून ठेवलं होतं मी." बाटली त्यांच्या कपाटात महिनाभर पडून आहे. भांडं ठेवून मी खाली आले.

मग सुभद्राकडे. म्हटलं, तुझी फाईल मला दे, मी नेते. लंडनहून जिनिव्हाला टाकते.

ती नाहीच म्हणाली. टाईप केलेले कागद, वर वकिलाचा शिक्का, पेटी उघडली की सापडणार. सापडले तर विमान तर जाईलच, पुढचंही काही सांगता येणार नाही. "आणि काकू, रागावू नका, तुम्ही भिता."

मी म्हटलं, भिते. सरकारदरबारी तशी नोंदच आहे. भित्र्या बाईची पेटी कोण उघडतो?

मग मला सुचलं ते सांगितलं. तुझे कागद नकोत. मी या वहीत उतरवून घेते, माझ्या हाताने, चौदाच्या चौदा. म्हातारीची वही. सुरुवातीला पासपोर्ट आणि पोहे, मध्ये धडधड आणि डॉक्टर. तिकडे गेल्यावर पानं सुटी करून पाकिटात घालीन. जिनिव्हाला एक मराठी डॉक्टर आहे, तो भाषांतर करणार होताच. त्याचा पत्ता सुभद्राने मला तीनदा सांगितला आणि पाढ्यासारखा पाठ म्हणून घेतला.

सुभद्राने फाईल माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, तुम्ही वाक्यं सुधारायची नाहीत. मी कबूल केलं.

२९ मार्च

नऊ नावं उतरवून झाली. दुपारी दार लावून जेवणाच्या टेबलावर लिहिते. बाहेर पानठेल्यावरचा माणूस आता सायकल सावलीत लावतो, ऊन वाढलं ना. मध्ये कोणी आलं तर हात थांबतो आणि मग अक्षर पहिल्यासारखं लागत नाही.

लिहिणं सोपं नाही. काय काय झालेलं आहे या माणसांना. सहावा मुलगा एकोणीस वर्षांचा. सातव्याच्या आईने शवाला अंगठ्यावरून ओळखलं. मी इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहते, माझ्या कानावर हे सगळं पडत होतं आणि मी सुभद्राला विचारत होते की जेवलीस का. दर पानाच्या शेवटी हात आपोआप खाली जातो, तिथे शेरा लिहायची सवय. शेरा लिहायचा नाही. तीस वर्षांत एवढं अवघड काही केलं नाही.

परवा लिहीत होते आणि दार वाजलं. वही पिठाच्या डब्यामागे टाकली. शाळेचा शिपाई होता, रजेच्या अर्जावर सही राहिली म्हणून. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरातच खाली बसले आणि ठरवलं, बस, आता नाही लिहायचं, चारूचं बाळ आधी. तासाभराने उठले. टेबलावर पेन होतं, शाई संपत आली होती ते आठवलं. उघडून पाहिलं तर भरलेलं. घरात आम्ही दोघंच. हे पेपर वाचत होते, माझ्याकडे बघितलं नाही.

१ एप्रिल

तेरा झाले. धोंडबाचं पहिलं, ते मी मागे ठेवलं. तुळसाबाईचा टाईप केलेला जबाब आहे, पण सुभद्रा म्हणाली, त्यात माझी भाषा आलीय, तिचं तिच्याकडूनच घ्या. उद्या ती येणार. कशी आणि कुठून ते लिहीत नाही.

पेटी भरली. मेतकूट, डिंकाचे लाडू, दुपटी सहा. ही वही दुपट्यांखाली जाणार नाही, हातातल्या पिशवीत राहील, चष्म्याच्या घराशेजारी. लपवलेली वस्तू लपवल्यासारखी दिसते. देवरावचं नाव हिच्यात आहे, सुभद्राचं, माझं सगळं हिच्यात आहे. मुंबईला कोणी उघडून सलग वाचलीच तर मी संपले, आणि चारूही. हे मला कळतं. पहाटेपासून तीनदा वाटलं की वही चुलीत घालावी. सध्या तरी ती इथे आहे आणि मी हिच्यात लिहिते आहे.

चारूची तार आली. लवकर ये.

२ एप्रिल, शुक्रवार

उद्या दुपारची गाडी. तुळसाबाई समोर बसली आहे. भीमाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या आहेत, रस्त्यावर नजर ठेवून. तिला म्हटलं, तू बोल, मी लिहिते, जसंच्या तसं. ती विचारते, चांगलं बोलू का कसं बोलू. मी म्हटलं, झालं तेवढं बोल.

मी तुळसाबाई, धोंडबाची बायको. मले लिवता येत नाही. बाई लिवून राहिल्या. माह्या घरवाल्याले मंगळवारी सकाळी नेलं. तो जेवत होता. हात धुऊ देल्ला नाही. मी मागं मागं गेली. चौकीच्या भाईर बसली. दुपारी आतून आवाज आला, तो त्याचाच होता. मंग आला नाही. संध्याकाळी शिपाई भाईर आला. मी म्हटलं, साहेब, घरवाला कुठं आहे. तो म्हने, त्याले त दुपारीच सोडलं, घरी गेला. घरी जाऊन पाह्य.

मी म्हटलं, साहेब, इथून निघाचं दार एकच आहे. अन मी सकाळपासून त्याच दारात बसून आहो.